चांदीचं ब्रेसलेट खरं की खोटं? पारख शिकवणारा एक पाठ



राखीपौर्णिमा असो, मुलीचा दहावीचा निकाल असो की भाच्याची मुंज असो, हल्ली भेट म्हणून चांदीच्या ब्रेसलेटला फार मागणी आहे. सोनं हाताबाहेर गेलं, म्हणून घरोघरी चांदीकडे मोर्चा वळला. पण आता चांदीही काही स्वस्त राहिलेली नाही. चाळीस ग्रॅमचं ब्रेसलेट घ्यायचं तर साध्या घरात दोन-तीन महिन्यांची शिल्लक त्यात जाते. अशा वेळी "ही चांदी खरी आहे ना?" हा प्रश्न हौसेचा राहत नाही, कष्टाच्या पैशाचा होतो.

या प्रश्नाची उत्तरं मोबाइलवर ढिगाने मिळतात. बर्फ ठेवून बघा, लोहचुंबक लावा, वाजवून बघा. कुणी ती करून बघतं आणि निर्धास्त होतं. कुणी तीच करून बघतं आणि चांगल्या सराफावर फसवणुकीचा आरोप करून येतं. दोघांचीही गफलत एकच असते. चाचणी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा विचार केलेला नसतो. म्हणूनच हा विषय आठवी-नववीच्या विज्ञानाला, सातवीच्या शेकडेवारीला आणि मराठीच्या तासालाही चालणारा आहे. चला तर मग, एकेक पायरी बघू.

१. सुरुवात भाषेपासून करू या

मुलांना आधी एक प्रश्न विचारा : "कसोटी म्हणजे काय?" उत्तर येईल, "सर, कसोटी सामना!" हसू द्या त्यांना. मग सांगा, कसोटी हा मुळात एक दगड आहे. काळा, गुळगुळीत, बारीक कणांचा. सोनार त्यावर दागिना घासतो, उमटलेली रेघ माहीत असलेल्या शुद्धतेच्या रेघेशी ताडून बघतो आणि 'कस' ठरवतो. त्यावरूनच 'कस लागणे', 'कसाला उतरणे' हे शब्द आपल्या बोलण्यात आले.

'तावून सुलाखून निघणे' हेही तसंच. तावणे म्हणजे तापवणे आणि सुलाखणे म्हणजे नाण्याला किंवा धातूच्या तुकड्याला भोक पाडून आत काय आहे ते बघणे. वरून चांदी आणि आत तांबं असा प्रकार पूर्वीही होत असणार, नाहीतर भोक पाडायची गरजच काय? 'खणखणीत नाणं' हा शब्द नाणं वाजवून पारखण्यातून आला. आणि 'रुपया' हा शब्दच मुळी रुप्यावरून, म्हणजे चांदीवरून आला आहे. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के. १९४० मध्ये चांदीचं प्रमाण निम्म्यावर आलं आणि १९४७ मध्ये चांदी जाऊन निकेल आलं.

तात्पर्य असं की धातूची पारख ही आपल्या भाषेतच मुरलेली गोष्ट आहे. आपण फक्त तिचा नीट अर्थ लावायचा आहे.

२. स्टर्लिंग म्हणजे नेमकं किती?

दुकानात '९२५' किंवा 'स्टर्लिंग सिल्व्हर' असं सांगतात. याचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग दुसरा धातू, बहुतेक वेळा तांबं. टक्क्यांत सांगायचं तर ९२.५ टक्के.

हा विचित्र आकडा आला कुठून? इंग्लंडमधून. तिथल्या जुन्या मापात बारा औंसांचा एक ट्रॉय पौंड आणि वीस पेनीवेटांचा एक औंस होतो. म्हणजे एका पौंडात २४० पेनीवेट. स्टर्लिंगचा नियम असा होता की पौंडभर धातूत ११ औंस २ पेनीवेट चांदी हवी. म्हणजे २२२ पेनीवेट. आता मुलांना भागाकार करायला लावा : २२२ भागिले २४०. उत्तर ०.९२५. फळ्यावर हे उत्तर आलं की वर्ग खूश होतो!

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३०० साली कायदा केला की चांदीची वस्तू या दर्जाची असलीच पाहिजे आणि तपासून तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा ठसा मारला पाहिजे. पुढे १४७८ पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये ही तपासणी होऊ लागली. त्या 'हॉल'मधली खूण म्हणून 'हॉलमार्क'. आपण रोज वापरतो तो शब्द तिथला आहे.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न. "शंभर टक्के शुद्ध का नाही? ९२५ म्हणजे भेसळच ना?" नाही. शुद्ध चांदी फार मऊ असते. रोज हातात घालायचं ब्रेसलेट शुद्ध चांदीचं केलं तर ते वाकेल, कड्या ताणल्या जातील, फासा सैल होईल. थोडं तांबं मिसळलं की तिला टणकपणा येतो. देवाची मूर्ती किंवा गुंतवणुकीचं नाणं ९९९ चं असलं तर उत्तम, पण मनगटावर ९२५ शहाणपणाचं. फसवणूक कधी होते? तांबं मिसळलं म्हणून नाही. ९२५ सांगून ८०० दिलं तर होते, किंवा चांदी सांगून जर्मन सिल्व्हर दिलं तर होते.

आणि हो, जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाच आहे! तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. चांदीचा एक कणही त्यात नसतो. काहींच्या त्वचेला निकेल सोसत नाही, खाज येते, पुरळ उठतं. म्हणून मुलांसाठी घेताना हा फक्त पैशाचा मामला नाही. तान्ही बाळं तर हातातली वस्तू थेट तोंडात घालतात. स्वस्त, अनोळखी मिश्रधातूत शिसं किंवा कॅडमियमही असू शकतं. बाळाच्या मनगटीची खात्री नसेल तर ती न घातलेली बरी.

३. या पाठातलं एकच सूत्र

हे सूत्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा :

घरची चाचणी नापास करू शकते, पास करू शकत नाही.

म्हणजे काय? समजा, एखादी मुलगी उंचीच्या अटीत बसली नाही तर ती त्या संघात येणार नाही, हे नक्की. पण उंचीत बसली म्हणून ती चांगली खेळाडू ठरते का? नाही ना! तसंच इथे. चाचणीत दागिना नापास झाला तर संशयाला जागा आहे. पास झाला तर एवढंच म्हणायचं की एक शंका कमी झाली. 'चांदी आहे' असं नाही, 'या चाचणीने चांदी नसल्याचं दिसलं नाही' असं म्हणायचं. वाक्य लांबलचक आहे खरं, पण विज्ञानाचं वाक्य ते हेच.

४. चाचण्या आणि त्यांच्या मर्यादा

(अ) लोहचुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही. सगळं ब्रेसलेट टपकन चिकटलं तर आत लोखंड किंवा पोलाद आहे, विषय संपला. पण तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, जर्मन सिल्व्हर आणि काही प्रकारचं स्टेनलेस स्टील यांपैकी काहीच चिकटत नाही. म्हणजे बाजारातली बहुतेक नकली चांदी ही परीक्षा आरामात पास होते.

उलटंही घडतं. सगळं ब्रेसलेट चुंबकाला दाद देत नाही आणि फक्त फाशाजवळ किंचित ओढ जाणवते. बघणारा लगेच म्हणतो, "बघा, खोटं!" थांबा. दाबून उघडणाऱ्या फाशात एक बारीक स्प्रिंग असते आणि ती बऱ्याचदा पोलादाची असते. तेवढ्यावरून दागिन्याला खोटं म्हणू नका.

(आ) बर्फ. चांदी ही सर्व धातूंत उष्णतेची सर्वांत चांगली वाहक. म्हणून चांदीवर ठेवलेला बर्फाचा खडा झपाझप वितळतो. प्रयोग छान दिसतो, मुलांना आवडतो. पण तांबं चांदीच्या अगदी पाठोपाठ आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यावरही बर्फ जवळपास तितक्याच वेगाने वितळतो. शिवाय ब्रेसलेटच्या नाजूक कड्यांवर बर्फ नीट टेकतही नाही. ही चाचणी उष्णतावहन शिकवायला ठेवा, खरेदीला नको.

(इ) आवाज. जाड, अखंड कडं वाजवलं तर चांदीचा लांब, गोड नाद येतो. राणीछाप रुपया असाच वाजवून घेत. पण साखळीच्या ब्रेसलेटला नाद येतच नाही, कारण कड्या एकमेकींचा आवाज अडवतात. पोकळ कडं किंवा आत लाख भरलेलं कडं बद्द वाजतं, मग ते खऱ्या चांदीचं का असेना.

(ई) घासून, निरखून बघणे. भिंग घ्या आणि जिथे झीज होते त्या जागा बघा. फाशाच्या आतली बाजू, कड्या एकमेकींत घासतात ती जागा, मनगटाला लागणारी कड. तिथे पिवळट किंवा लालसर छटा दिसली तर वर मुलामा आणि आत पितळ-तांबं असण्याची दाट शक्यता. नव्या कोऱ्या वस्तूत मात्र हे दिसणार नाही, वापरलेल्यात दिसेल.

(उ) पाण्यातलं वजन. घरच्या चाचण्यांत ही सर्वांत भक्कम. सिराक्यूजच्या राजाच्या मुकुटाची आणि आर्किमिडीजची गोष्ट मुलांना माहीत असते, तेच तत्त्व इथे लागतं. लागणारं साहित्य : ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा, पाण्याचा पेला, बारीक दोरा.

कृती अशी :
१. ब्रेसलेट कोरडं करून वजन करा.
२. निम्मा-अधिक भरलेला पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा.
३. ब्रेसलेट दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं हातात धरून लोंबकळत ठेवा. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. अंगावरचे बुडबुडे हलवून काढा.
४. काट्यावर जो आकडा दिसतो तेवढ्या ग्रॅमचं पाणी ब्रेसलेटने बाजूला सारलं. पाण्याच्या एका ग्रॅमला एक घनसेंटिमीटर, म्हणून तोच आकडा ब्रेसलेटचं आकारमान झाला.
५. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

चाळीस ग्रॅमची वस्तू असेल तर काट्यावर साधारण काय दिसेल ते बघा :

- ९२५ चांदी (घनता सुमारे १०.४) : ३.९ ग्रॅम
- ८०० चांदी (सुमारे १०.१) : ३.९ ग्रॅम
- तांबं (८.९६) : ४.५ ग्रॅम
- जर्मन सिल्व्हर (सुमारे ८.७) : ४.६ ग्रॅम
- पितळ (सुमारे ८.५) : ४.७ ग्रॅम
- स्टेनलेस स्टील (सुमारे ७.९) : ५.१ ग्रॅम
- ॲल्युमिनियम (२.७) : १४.८ ग्रॅम

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. इथेच या पाठाचा गाभा आहे. जर्मन सिल्व्हर, पितळ, स्टील हे सगळे पकडले गेले. पण ९२५ आणि ८०० या दोघांचा आकडा एकच आला! हिशेबाने ते ३.८६ आणि ३.९४ आहेत, पण आपला काटा दोन्हींना ३.९ च दाखवतो. आणि पैशात फरक किती? चाळीस ग्रॅमच्या ९२५ ब्रेसलेटमध्ये ३७ ग्रॅम चांदी, ८०० च्या ब्रेसलेटमध्ये ३२ ग्रॅम. तब्बल पाच ग्रॅम चांदी कमी, आणि घरच्या सर्वांत चांगल्या चाचणीला त्याचा पत्ताच नाही!

आणखी एक : ही चाचणी भरीव, नुसत्या धातूच्या ब्रेसलेटलाच चालते. खडे, मीनाकारी, लाख, रबर किंवा पोकळ नळी असेल तर घनतेचा आकडा चुकीचा येतो. अशा वेळी आकडा बिघडला म्हणून कुणाला चोर ठरवू नका.

(ऊ) तेजाब. सराफाकडे नायट्रिक ॲसिड असलेलं तपासणीचं द्रावण असतं. रेघेचा रंग बघून ते अंदाज सांगतात. हे घरी किंवा वर्गात करायचं नाही, म्हणजे नाहीच. त्वचा भाजते, वाफा घातक असतात आणि दागिन्यावर डाग पडतो तो वेगळाच.

५. "काळी पडली, म्हणजे खोटी होती!"

हा गैरसमज इतका पक्का आहे की त्याला वेगळी जागा द्यावी लागते. खरी चांदी काळी पडतेच. हवेत, घामात, अंड्यात, कांद्यात, रबरात गंधकाची संयुगं असतात. त्यांच्याशी चांदीचा संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. बाळाचे वाळे काळे पडले की घरातली मोठी माणसं "दृष्ट लागली" म्हणतात. त्यांना हसू नका, पण मुलांना कारण सांगा.

उलट वर्षानुवर्षं लख्ख राहणारं ब्रेसलेट असेल तर त्यावर ऱ्होडियमचा मुलामा असू शकतो. खऱ्या चांदीवरही तो देतात, तेव्हा न काळवंडणं हाही खोटेपणाचा पुरावा नाही. म्हणजे काळेपणावरून काहीच ठरत नाही. हातावर हिरवट डाग पडत असेल तर मात्र तांब्याचं प्रमाण जास्त असल्याची शंका घ्यावी आणि तपासून घ्यावं.

कॉलेजच्या मुलींमध्ये 'ऑक्सिडाइज्ड' दागिन्यांची चलती आहे. खऱ्या चांदीला मुद्दाम काळपट करतात तेव्हा तो थर बहुधा सल्फाइडचाच असतो, ऑक्साइडचा नव्हे. नाव चुकीचं, पण रूढ! बाजारातल्या स्वस्त ऑक्सिडाइज्ड दागिन्यांत तर बहुतेक वेळा चांदीच नसते. दुकानदार तसं सांगून विकत असेल तर त्यात काही गैर नाही. चांदी म्हणून विकली तर आहे.

साध्या चांदीचा काळेपणा घालवण्यासाठी एक सुंदर प्रयोग : भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर दागिना ठेवा, खाण्याचा सोडा घाला आणि गरम पाणी ओता. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी उजळते. मोती, खडे, चिकटवलेले भाग किंवा मुद्दाम काळं केलेलं नक्षीकाम असेल तर मात्र हा प्रयोग टाळा.

६. पास कोण करतं? खूण आणि प्रयोगशाळा

घरची चाचणी पास करत नाही, मग कोण करतं? ज्याच्याकडे अचूक मोजमाप आहे आणि ज्याच्यावर जबाबदारी टाकता येते, तो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की नुसता '९२५' चा ठसा म्हणजे हॉलमार्क नव्हे. ठसा मारायचा पंच कुणीही करून घेऊ शकतं. तो आकडा विकणाऱ्याचा दावा आहे, तपासणाऱ्याचा दाखला नाही.

आपल्याकडे दाखला देते ती भारतीय मानक ब्यूरोची व्यवस्था. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांसाठीही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सुरू झाला. अशा दागिन्यावर तीन गोष्टी शोधा : ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह आणि सोबत 'सिल्व्हर' हा शब्द, शुद्धतेचा आकडा (८००, ८३५, ९२५, ९७०, ९९० असे), आणि तो क्रमांक. चांदीसाठी ही योजना ऐच्छिक म्हणून सुरू झाली आहे, सोन्यासारखी सक्तीची नाही. म्हणून खूण नसलेला दागिना बेकायदा किंवा खोटा ठरत नाही. मात्र त्याच्या मागे दाखला नाही, एवढं समजून घ्यावं.

क्रमांक दिसला की तिथेच थांबू नका. 'बीआयएस केअर' हे ॲप उघडून तो त्यात घाला. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, तपासणारं केंद्र, नोंदणीकृत विक्रेता ही माहिती येते. ती हातातल्या वस्तूशी जुळवा. ॲप म्हणतंय अंगठी आणि तुमच्या हातात ब्रेसलेट, तर काहीतरी गडबड आहे. क्रमांक इतका बारीक असतो की भिंग लागतं. दुकानात भिंग मागायला लाजू नका, चांगला सराफ ते स्वतःहून पुढे करतो.

हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर? ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांत भरपाईची तरतूद आहे : जितकी शुद्धता कमी, त्या वजनाच्या फरकाच्या रकमेची दुप्पट आणि वर तपासणीचा खर्च. म्हणूनच पावती जपायची.

जुन्या, खूण नसलेल्या दागिन्यांचं काय? मोठ्या पेढ्यांवर आणि तपासणी केंद्रांत क्ष-किरणांवर चालणारं यंत्र असतं. दागिना न कापता काही क्षणांत ते धातूंचं प्रमाण दाखवतं. त्याचीही एक मर्यादा आहे. ते पृष्ठभागाजवळचाच थर वाचतं. जाड मुलामा असेल तर आतलं त्याला दिसत नाही. पक्की परीक्षा हवी तर थोडा धातू काढून, विरघळवून रासायनिक पद्धतीने मोजतात. आपल्या पूर्वजांचं 'सुलाखणं' आठवलं ना? आत शिरल्याशिवाय आतलं कळत नाही!

७. दुकानात विचारायचे चार प्रश्न

आपल्याकडे चांदीच्या व्यवहारात 'टंच' हा शब्द चालतो. टंच म्हणजे शंभरात किती चांदी. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे, तिथे कारागिराच्या तोंडी हा शब्द रोजचा. कमी टंचाचा दागिना करणं किंवा विकणं हा गुन्हा नाही. टंच लपवणं ही फसवणूक आहे. म्हणून विचारा :

१. टंच किती? आणि तो पावतीवर लिहून द्याल का?
२. नुसत्या चांदीचं वजन किती? खडे, लाख, मणी वगळून.
३. भाव किती आणि घडणावळ किती? दोन्ही वेगळं सांगा.
४. उद्या मोड म्हणून आणलं तर किती टंचाने परत घ्याल?

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. विकताना ९२ टंच सांगणारा परत घेताना "साठ टंचाने धरू" म्हणाला, तर त्याचं कारण तिथल्या तिथे विचारा. घडणावळ परत मिळत नाही, वितळवताना थोडी घटही येते, हे खरं. पण एवढी मोठी दरी घटीने पडत नाही.

आणि एक साधा हिशेब. सोपं व्हावं म्हणून चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. चाळीस ग्रॅमच्या ९२५ ब्रेसलेटमधल्या नुसत्या चांदीची किंमत ३७ गुणिले १००, म्हणजे ३,७०० रुपये. वर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. तेच ब्रेसलेट कुणी 'सवलतीत' १,२०० ला देत असेल तर बर्फ, चुंबक काही लागत नाही. त्या दिवशीचा भाव बघून हा गुणाकार करा, पुष्कळ फसवणूक इथेच उघडी पडते.

८. खरं आहे, पण चांगलं आहे का?

शुद्धता आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी. ९२५ चं ब्रेसलेटही गचाळ असू शकतं. घेण्याआधी हे बघा : कड्यांची तोंडं डाख देऊन बंद केली आहेत की नुसती दाबली आहेत? दाबलेली कडी ताणली की उघडते आणि ब्रेसलेट रस्त्यात पडतं. फासा चार-पाच वेळा उघडून लावा, 'टक' असा घट्ट बसतो का? कडेवरून बोट फिरवा, कानसेने नीट गुळगुळीत केलंय का, की ओरखडतं? सपाट टेबलावर ठेवलं तर साखळी सरळ पडते की पीळ पडतो? पोकळ असेल तर ते सांगून विकताहेत ना? पोकळ वाईट नसतं, हलकं आणि स्वस्त असतं, पण चेपलं की दुरुस्त होत नाही. शाळेत, मैदानावर जाणाऱ्या मुलाला भरीव, साधं, खडे नसलेलं घ्यावं.

९. वर्गात घेण्यासाठी

मुलांकडून घरचे दागिने आणवू नका, हरवले तर नसती आफत! तांब्याची तार, पितळी चावी, स्टीलचा चमचा आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांची घनता पाण्यातल्या वजनाने काढून घ्या. मग हे प्रश्न द्या :

१. ६० ग्रॅमच्या ९२५ कड्यात शुद्ध चांदी किती? (५५.५ ग्रॅम)
२. एका कड्याचं वजन २०.८ ग्रॅम, पाण्यातला आकडा २.० ग्रॅम. दुसऱ्याचं वजन २६.१, आकडा ३.०. घनता काढा. कोणत्या कड्याबद्दल 'चांदी नाही' असं म्हणता येईल? पहिल्याबद्दल 'चांदी आहे' असं म्हणता येईल का? का नाही?
३. ब्रेसलेट चुंबकाला फक्त फाशाजवळ ओढलं गेलं. दोन शक्यता लिहा आणि कोणती खरी हे कसं ठरवाल ते सांगा.
४. 'कस', 'कसोटी', 'सुलाखणे', 'खणखणीत' हे शब्द वापरून माणसांबद्दल चार वाक्यं लिहा.

दुसऱ्या प्रश्नाच्या शेवटच्या भागावर वर्गात वाद होऊ द्या. पहिल्या कड्याची घनता १०.४ येते, त्यामुळे अर्धा वर्ग "चांदीच!" म्हणून ओरडेल. त्यांना लगेच बरोबर-चूक सांगू नका. ३.९ आणि ३.९ च्या त्या दोन ओळी पुन्हा फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. कुणीतरी उठून म्हणेलच, "पण ती ८०० ची पण असू शकते ना?" त्या मुलाला किंवा मुलीला शाबासकी द्या. पुढे आयुष्यात चांदीचं ब्रेसलेट घेतील न घेतील, पण मोबाइलवर आलेली बातमी, औषधाची जाहिरात, दामदुपटीची योजना यांच्यासमोर हीच सवय कामाला येणार आहे : हा पुरावा नक्की कशाचा, आणि कशाचा नाही?